दहावी-बारावीनंतर काय? वाट निवडताना परतीचा रस्ताही पाहा

दहावी आणि बारावीचे निकाल लागले की मीरा रोड, भाईंदरमधील घराघरांतून एकच प्रश्न विचारला जातो : 'आता पुढे काय?' या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा टक्क्यांवरून, शेजाऱ्याच्या मुलावरून किंवा क्लासच्या जाहिरातीवरून दिले जाते. वास्तविक निवड करण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारायला हवा. आज घेतलेला निर्णय दोन वर्षांनी चुकीचा वाटला, तर मागे फिरता येईल काय? आणि येत असेल, तर त्यासाठी किती वर्षे आणि किती पैसे मोजावे लागतील?

पंधरा किंवा सतरा वर्षांच्या मुलाला आपण आयुष्यभर काय करणार हे ठामपणे ठाऊक असावे, ही अपेक्षाच अवास्तव आहे. त्यामुळे 'सर्वांत चांगला अभ्यासक्रम कोणता?' यावर वाद घालण्यापेक्षा 'कोणत्या निवडीने कोणती दारे बंद होतात?' हे समजून घेणे अधिक उपयोगाचे. ही माहिती कोणत्याही मुलाला मिळू शकते. तिला हुशारी लागत नाही, फक्त थोडी चौकशी लागते.

शहर वाढले, पण...

मीरा-भाईंदर ही मूळची मिठागरांची, शेतीची आणि मासेमारीची गावे. मुंबईत घर परवडेनासे झाले तशी पश्चिम रेल्वेच्या या दोन स्थानकांभोवती वस्ती वाढत गेली. २००१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख २० हजार असलेली लोकसंख्या २०११ मध्ये ८ लाखांवर गेली. २८ फेब्रुवारी २००२ रोजी नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. शहरात कनिष्ठ महाविद्यालये झाली, वाणिज्य व व्यवस्थापनाच्या पदवीची सोय झाली, खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयही आले. मात्र शासकीय अभियांत्रिकी वा वैद्यकीय महाविद्यालय शहरात नाही.

येथील बहुसंख्य कुटुंबे बाहेरून येऊन स्थिरावलेली आहेत. कोणी कोकणातून, कोणी गिरगाव-परळच्या चाळीतून, कोणी गुजरात, राजस्थान वा उत्तर प्रदेशातून आले. घराचा हप्ता भरता भरता पालकांची वर्षे लोकलमध्ये गेली. अशा घरात मुलाच्या शिक्षणाकडे केवळ शिक्षण म्हणून पाहिले जात नाही. कुटुंबाने केलेल्या स्थलांतराचे ते फळ मानले जाते. म्हणूनच येथे 'सायन्स घेतले की सगळे पर्याय खुले राहतात' हा समज फार घट्ट आहे. तो काही प्रमाणात खराही आहे. पण झेपत नसलेले विज्ञान दोन वर्षे ओढत नेऊन बारावीला जेमतेम गुण मिळाले, तर कागदावर खुली असलेली दारे प्रत्यक्षात बंदच राहतात.

कल, क्षमता आणि टक्के

व्यवसाय मार्गदर्शन या विषयाचा पाया अमेरिकेतील फ्रँक पार्सन्स यांनी घातला असे मानले जाते. १९०९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या : स्वतःला ओळखा, कामाचे स्वरूप ओळखा आणि या दोहोंचा मेळ विचारपूर्वक घाला. शंभर वर्षांनंतरही या सूत्रात फारशी भर पडलेली नाही. आपल्याकडे मात्र पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट प्रवेश अर्ज भरला जातो.

महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे राज्य मंडळाच्या दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेण्यात आली. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांत विद्यार्थ्याचा ओढा कोठे आहे, हे तिच्यातून पाहिले जाई. चाचणीचा अहवाल हाती आल्यावर अनेक पालकांचा गोंधळ उडाला, कारण कल आणि अभिक्षमता यांतील फरक त्यांना कोणी समजावून सांगितला नव्हता.

कल म्हणजे आवड, मनाचा ओढा. अभिक्षमता म्हणजे एखादी गोष्ट शिकण्याची अंगभूत कुवत. तिसरी गोष्ट म्हणजे गुण, ते आजवर केलेल्या अभ्यासाचे मोजमाप. या तिन्ही वेगळ्या आहेत. एखाद्या मुलीला रुग्णसेवेची मनापासून ओढ असते, पण भौतिकशास्त्रातील गणिते जमत नाहीत. एखाद्या मुलाला गणितात ९५ गुण असतात, पण यंत्राला हात लावण्याचा कंटाळा असतो. पहिल्या मुलीसाठी वैद्यकीय प्रवेशाखेरीज परिचर्या, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, समुपदेशन असे मार्ग आहेत. दुसऱ्याला अभियांत्रिकीपेक्षा संख्याशास्त्र किंवा वित्त जवळचे वाटू शकेल. चाचणी खासगी समुपदेशकाकडे करून घेतली, तरी तिचा निष्कर्ष हा निकाल न मानता चर्चेची सुरुवात मानावा.

विषय सोडताना सावधान

दारे बंद होतात ती शाखेपेक्षा विषयांमुळे. अकरावीचा अर्ज भरताना पुढील बाबी लक्षात ठेवाव्यात.

- गणित : विज्ञान शाखेत गणित सोडल्यास अभियांत्रिकी आणि वास्तुशास्त्र ही दारे मिटतात. एनडीएतून नौदल वा हवाई दलात जाण्यासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित आवश्यक असते. भूदलासाठी मात्र कोणत्याही शाखेची बारावी चालते. मुलींनाही २०२२ पासून एनडीएत प्रवेश मिळू लागला आहे. वाणिज्य शाखेतही गणित ऐच्छिक म्हणून टाळण्याकडे कल असतो. पुढे संख्याशास्त्र, माहिती तंत्रज्ञान यांसारख्या पदव्यांसाठी अनेक महाविद्यालये बारावीचे गणित मागतात, तेव्हा पश्चात्ताप होतो.

- जीवशास्त्र : संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स असे बायफोकल विषय घेणारा विद्यार्थी बहुधा जीवशास्त्र सोडतो. वैद्यकीय, दंतवैद्यक, आयुर्वेद यांसाठीच्या 'नीट'ला जीवशास्त्र लागते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२३ मधील निर्णयानुसार बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण झालेल्यांनाही नीट देता येते. म्हणजे बंद झालेले दार पुन्हा उघडते, पण त्यासाठी आणखी एक वर्ष लागते. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला मात्र गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी कोणताही एक गट चालतो.

- कोणतीही शाखा चालणारे मार्ग : पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम, हॉटेल व्यवस्थापन, पत्रकारिता, डिझाइन, बहुतेक स्पर्धा परीक्षा. सनदी लेखापाल होण्यासाठी वाणिज्य शाखाच हवी, हा गैरसमज आहे. कोणत्याही शाखेतून बारावी झाल्यावर फाउंडेशन परीक्षा देता येते. पदवीधरांना तर ठरावीक टक्केवारी असल्यास (वाणिज्यला ५५, अन्य शाखांना ६०) थेट इंटरमीडिएटला नोंदणी करता येते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. विज्ञानाकडून वाणिज्य वा कला शाखेकडे येणे शक्य आहे, उलट दिशेने जाणे जवळजवळ अशक्य. मात्र एवढ्याच कारणासाठी विज्ञान घेणे शहाणपणाचे नाही. दहावीला विज्ञान-गणितात मन रमले होते का, हा साधा प्रश्न मुलाला विचारावा आणि त्याचे उत्तर ऐकून घ्यावे.

दुसरी शिडी : आयटीआय आणि पदविका

'आयटीआयला नापास मुले जातात' हे वाक्य आजही ऐकू येते. भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी आणि सुटे भाग बनविणारे शेकडो लहान गाळे असताना येथे तरी असे म्हटले जाऊ नये. साचे घडविणारा, यंत्र दुरुस्त करणारा, वीजजोडणी पाहणारा कुशल कामगार मिळत नाही, ही कारखानदारांची नेहमीची तक्रार असते.

या मार्गाचे खरे बलस्थान असे, की त्यात पायरीपायरीने वर जाता येते. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय व्यवसाय पूर्ण करणाऱ्याला तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. तीन वर्षांची पदविका पूर्ण करणाऱ्याला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. प्रत्येक पायरीवर थांबून नोकरी करता येते, १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार विद्यावेतन घेत कारखान्यात शिकता येते आणि नंतर पुन्हा पुढे जाता येते. बारावी विज्ञानात अडखळलेल्या विद्यार्थ्यापेक्षा दहावीनंतर पदविकेला गेलेला विद्यार्थी पुष्कळदा आधी अभियंता होतो.

मीरा-भाईंदरच्या विद्यार्थ्याला वांद्रे येथील शासकीय तंत्रनिकेतन, विलेपार्ल्याचे भगुबाई मफतलाल तंत्रनिकेतन किंवा माटुंग्याची १८८७ पासूनची व्हीजेटीआय या संस्था घरी राहून गाठता येतात. ही सोय विदर्भ-मराठवाड्यातील मुलांना नाही.

समुद्राकाठची मुले

शहराच्या पश्चिमेला उत्तन, पाली, चौक ही कोळीवस्तीची गावे आहेत. येथील मुलांना करिअर मार्गदर्शनाच्या मेळाव्यात सहसा अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनच सांगितले जाते. घरात होडी असलेल्या, वारा-भरतीची जाण लहानपणीच आलेल्या मुलाच्या या ज्ञानाला कोणी मोल देत नाही.

केंद्र सरकारच्या कोचीतील 'सिफनेट' या संस्थेत, तसेच तिच्या चेन्नई व विशाखापट्टणम येथील केंद्रांत, मासेमारी नौकांचे नौकानयन आणि सागरी इंजिन यांचे दहावीनंतरचे अभ्यासक्रम चालतात. बारावी विज्ञाननंतर मत्स्यविज्ञानाची पदवी आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगाव येथे आहे. पुढील उच्च शिक्षणासाठी वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था उत्तनपासून फार दूर नाही. व्यापारी जहाजावर अधिकारी व्हायचे असेल तर बारावीला भौतिक, रसायन, गणित आणि 'आयएमयू सीईटी' ही प्रवेश परीक्षा आवश्यक ठरते. डोळ्यांची रंग ओळखण्याची तपासणीही आधीच करून घ्यावी. खलाशी म्हणून जाण्यासाठी दहावीनंतर सहा महिन्यांचे प्रशिक्षण असते. या क्षेत्रात फसविणारे दलाल पुष्कळ आहेत. त्यामुळे नौवहन महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थांची यादी पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

वर्ष वाया घालवायचे का?

बारावीनंतर नीट किंवा जेईईसाठी 'ड्रॉप' घेण्याचा निर्णय घराघरांतून होतो. त्यापूर्वी काही आकडे समोर ठेवावेत. २०२५ मध्ये देशभरातून २२ लाखांहून अधिक विद्यार्थी नीटला बसले. एमबीबीएसच्या सर्व जागा मिळून सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यांतील खासगी महाविद्यालयांचे शुल्क मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे. आयआयटीसाठीची जेईई ॲडव्हान्स्ड लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते. नीटला अशी मर्यादा नाही, म्हणून येथे मुले दुसऱ्या, तिसऱ्या प्रयत्नात अडकून पडतात.

ड्रॉप घेणे चूक आहे असे नाही. पहिल्या प्रयत्नात प्रवेशाच्या गुणांजवळ पोहोचलेल्या आणि कोठे कमी पडलो हे नेमके सांगू शकणाऱ्या विद्यार्थ्याने एक वर्ष जरूर द्यावे. मात्र वर्ष सुरू होण्यापूर्वीच दोन गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात : हा प्रयत्न शेवटचा की नाही, आणि यश न आल्यास कोणत्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा. दुसरा पर्याय आधी ठरलेला असेल तर तो पराभव वाटत नाही.

राज्यातील एमएचटी-सीईटीच्या प्रश्नांत सुमारे २० टक्के भाग अकरावीचा असतो. 'अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष' असे मानणाऱ्यांनी हे विसरू नये.

प्रवास आणि पैसा : न मांडलेला हिशेब

मीरा रोडहून चर्चगेट सुमारे ४० किलोमीटरवर आहे. 'नाव' असलेल्या महाविद्यालयासाठी दिवसाला अडीच तास प्रवासात गेले आणि वर्षात २०० दिवस महाविद्यालय भरले, तर वर्षाला ५०० तास होतात. दोन वर्षांच्या अकरावी-बारावीत १,००० तास. गर्दीच्या विरार लोकलमध्ये हे तास अभ्यासाचे नसतात. बारावीनंतरच्या पदवीसाठी, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि सोबत्यांसाठी हा खर्च योग्य ठरू शकतो. केवळ अकरावीला, आणि तेही क्लासच्या भरवशावर शिकायचे असेल, तर जवळचे महाविद्यालय आणि मोकळे हजार तास अधिक मोलाचे.

मुंबई महानगर क्षेत्रात २००९ पासून अकरावीचे प्रवेश ऑनलाइन पद्धतीने होतात. २०२५-२६ पासून ही प्रक्रिया राज्यभर लागू झाली. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, तर तेथे प्रवेश घेणे बंधनकारक ठरते. म्हणून पसंतीक्रम भरताना पहिल्या ओळीत केवळ हौसेने नाव लिहू नये. खरोखर रोज जाणे जमेल असेच महाविद्यालय तेथे लिहावे.

शुल्काच्या बाबतीतही माहितीअभावी नुकसान होते. २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या आणि आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांच्या मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्यात आले. 'मुलीसाठी एवढा खर्च कशाला' या सबबीला आता आधार उरलेला नाही. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास मात्र ही सवलत मिळत नाही.

कागदपत्रे आधी, अर्ज नंतर

दरवर्षी जून-जुलैत सेवा केंद्रांवर रांगा लागतात आणि मिळालेली जागा कागदाअभावी जाते. अधिवास, उत्पन्न, नॉन-क्रीमी लेयर, जात आणि जात वैधता ही प्रमाणपत्रे अकरावीतच मिळवायला लागावे. वैधतेचा अर्ज विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी महाविद्यालयामार्फत वेळेत करणे फार महत्त्वाचे.

परराज्यांतून आलेल्या कुटुंबांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. मूळ राज्याचे जात प्रमाणपत्र महाराष्ट्राच्या आरक्षणासाठी चालत नाही. मात्र दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेला आणि राज्याचा अधिवासी असलेला किंवा येथे जन्मलेला विद्यार्थी अभियांत्रिकी प्रवेशात महाराष्ट्राचा उमेदवार धरला जातो. त्यामुळे बारावीसाठी मुलाला 'गावी' किंवा परराज्यातील निवासी क्लासला पाठविण्यापूर्वी शंभरदा विचार करावा.

कमावतानाही शिकता येते

काही घरांत बारावीनंतर लगेच मिळकत सुरू होणे ही गरज असते. तेथे 'आवडीचे करा' हा उपदेश पोकळ ठरतो. अशा विद्यार्थ्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि मुंबई विद्यापीठाची दूरशिक्षण सोय आहे. नव्या शैक्षणिक धोरणातील श्रेयांक पेढीमुळे शिकलेल्या वर्षाचे श्रेयांक जमा राहतात आणि खंड पडल्यानंतर पुन्हा वापरता येतात. नोकरी पत्करणे म्हणजे शिक्षणाला पूर्णविराम असे समजण्याचे कारण नाही. अट एकच, नोंदणी त्याच वर्षी करावी. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणाऱ्यांतील फार थोडे परत येतात.

निर्णय कोणी घ्यावा?

निर्णय मुलाने घ्यावा, पण माहिती दोघांनी मिळून गोळा करावी. एक साधा उपाय करून पाहा. मनात असलेल्या तीन पर्यायांसाठी एका कागदावर चार रकाने आखा : लागणारी वर्षे, एकूण खर्च, रोजचा प्रवास आणि दोन वर्षांनी सोडावेसे वाटल्यास जाण्याची जागा. मग त्या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्या एका तरी व्यक्तीला भेटा. शहरात अशी माणसे भरपूर आहेत. आपल्याच इमारतीत परिचारिका, लेखापाल, रेल्वेचा मोटरमन, वकील, रंगारी ठेकेदार राहत असतो. त्याचा दिवस कसा जातो, पहिला पगार किती होता, पुन्हा संधी मिळाली तर हेच निवडाल का, हे मुलाला विचारू द्या. पालकांनी त्या वेळी गप्प बसावे.

चार रकाने भरून झाल्यावर पुष्कळदा असे दिसते, की सर्वांत प्रतिष्ठेचा पर्याय चौथ्या रकान्यात कोरा राहिला आहे. तो घेऊच नये असे नाही. घ्यायचा असेल तर तो रकाना कोरा आहे हे जाणून घ्यावा. आणि उद्या मुलगा वा मुलगी मागे फिरली, तर तिला घरात बोल लावला जाणार नाही, एवढे वचन आजच द्यावे.